पवित्र शास्त्र आणि आपला प्रपंच
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत केलेलें भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा हिशेबाचा दिवस असतो. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें घाम गाळला, याची मोजदाद अशा प्रसंगीं होते आणि ती व्हावयासही पाहिजे. महोत्सवाच्या निमित्तानें निघणारी पुस्तिका तें काम करीलच. आम्हांस जे चार शब्द बोलावयास सांगितले आहेत, त्यांत आम्हीं एकच प्रश्न आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आपल्या घरीं पवित्र शास्त्राचें पुस्तक आहे काय, आणि असल्यास तें उघडलें जातें काय?

‘ज्युबिली’ हा शब्दच पाहा. तो कोठून आला हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला ज्युबिली म्हणजे मंडप, पताका आणि पंगत एवढेंच वाटेल. परंतु लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय जो वाचील त्याला वेगळेंच चित्र दिसेल. पन्नासावें वर्ष उजाडलें कीं देशभर शिंग फुंकावें, दास झालेल्यांस मोकळें करावें, आणि गरिबीमुळें हातची गेलेली जमीन मूळच्या कुळास परत द्यावी, अशी तेथें आज्ञा आहे. किल्लारीच्या काळ्या मातींत राबणाऱ्या कुणब्याला या आज्ञेचा अर्थ पंडितानें समजावून द्यावा लागत नाहीं. सावकाराकडे गेलेलें वावर परत मिळणें म्हणजे काय, हें त्याचें काळीज जाणतें. मात्र तो अध्याय त्याच्या कानीं पडला तर पाहिजे. शास्त्र जवळ असणें आणि नसणें यांतला भेद हा असा आहे.

एकाच दिवसाच्या दोन आठवणी

किल्लारी हें नांव उच्चारतांच एक दिवस डोळ्यांपुढें उभा राहतो. १९९३ सालच्या सप्टेंबरची ३० तारीख. गणेशविसर्जनाची रात्र सरत आली होती, लोक उशिरां निजले होते, आणि पहांटे चाराला चार मिनिटें असतांना भूमि हालली. तो ६.२ तीव्रतेचा धक्का कांहीं क्षणांचाच होता. परंतु लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हांचें उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. ज्या जाड दगडमातीच्या भिंतींनीं आणि माळवदांनीं पिढ्यान् पिढ्या उन्हाथंडीपासून रक्षण केलें, त्यांच्याच खालीं माणसें गाडलीं गेलीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. किल्लारी त्यांतलीच एक.

३० सप्टेंबर हाच दिवस ख्रिस्तसभा संत जेरोम यांचा सण म्हणून पाळते. ज्या तिथीला या मुलखांत मृतांसाठीं दिवे लागतात, त्याच तिथीला जगभरच्या देवळांतून त्या महापुरुषाचें स्मरण होतें, ज्यानें शास्त्र लोकांच्या भाषेंत आणण्यासाठीं आयुष्य वेंचलें. ३८२ सालीं पोप दमासस यांनीं त्यांजवर लॅटिन शुभवर्तमानें शुद्ध करण्याचें काम सोपविलें. पुढें बेथलेहेमांत राहून, यहुदी गुरूंपाशीं हिब्रू शिकून, त्यांनीं जुन्या कराराचें भाषांतर मूळावरून केलें. त्या काळीं लॅटिन ही पश्चिमेकडील सामान्य माणसाची बोली होती. म्हणूनच त्या ग्रंथास ‘वुल्गाता’, म्हणजे लोकांत रूढ असलेला, असें नांव पडलें. ४२० सालीं ३० सप्टेंबर रोजीं त्यांनीं देह ठेविला असें परंपरा सांगते.

या दोन आठवणी एका दिवशीं याव्या यांत कांहीं गूढ संकेत आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकदां त्या शेजारीं आल्या म्हणजे एक विचार टाळतां येत नाहीं. ज्या माणसावर घर कोसळलें त्याला शास्त्राचा काय उपयोग?

संकटांत शास्त्र काय करतें

मोठें संकट कोसळलें कीं भोंवतालचे लोक कारणें सांगूं लागतात. कोणी म्हणतो, गांवाचें पाप भरलें. कोणी म्हणतो, अमक्यानें तमका नेम मोडला. कोणी देवाच्या नांवानें बोटें मोडतो. ज्याचीं लेंकरें ढिगाऱ्याखालीं गेलीं त्याच्या कानांवर असे बोल पडतात तेव्हां त्याच्यावर दुसऱ्यांदा भिंत कोसळते. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, असे बोल पुष्कळदां धर्माच्या नांवानें बोलले जातात.

अशा वेळीं ज्यानें शास्त्र वाचलें आहे त्याच्या हातीं उत्तर असतें. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत हाच प्रसंग आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं होतीं. तीं माणसें यरुशलेमांतील इतरांहून अधिक पापी होतीं काय, असा प्रश्न प्रभु येशू स्वतःच उपस्थित करितो, आणि स्वतःच ठामपणें नाहीं म्हणतो. बुरूज पडला म्हणून मेलेल्यांस दोष देऊं नका, तुम्ही जे वांचलां ते आपलें अंतःकरण पाहा, असा त्याचा रोख आहे. ईयोबाच्या पुस्तकांतही तेंच. घर पडून मुलें मेलेल्या त्या बापाला त्याचे मित्र त्याचेंच पाप दाखवूं लागले. आणि शेवटीं देवाचा कोप झाला तो ईयोबावर झाला नाहीं, त्या उपदेशक मित्रांवर झाला. एलीया संदेष्ट्याची कथा तर आपल्यासाठींच लिहिली असावी अशी आहे. होरेब पर्वतावर त्याच्यापुढून वारा गेला, मग भूकंप झाला, मग अग्नि आला. परंतु परमेश्वर या तिहींत नव्हता. तो त्यानंतरच्या हळुवार वाणींत होता. हें एवढेंच ज्याला ठाऊक आहे, त्याला भूकंपाकडे बोट दाखवून हा पाहा तुझा देव, असें कोणी म्हणूं शकत नाहीं.

अर्धें वाचलेलें शास्त्र मात्र घातक ठरतें, हेंही आम्ही सांगूं. खडकावर बांधलेल्या आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. पडलेल्या गांवाकडे पाहून हा दृष्टांत कोणी बोलून दाखविला, तर त्यानें प्रभूचें वचन मोडूनतोडून वापरलें असें समजावें. किल्लारीचीं घरें मालकांच्या अविश्वासामुळें पडलीं नाहींत. दगड चिखलांत बसविलेले होते, भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या अंगाची एकमेकांशीं बांधणी नव्हती, आणि माथ्यावर मातीचें जड ओझें होतें, म्हणून तीं पडलीं. दृष्टांताचा विषय वचन ऐकून तें आचरणें हा आहे. आणि घराविषयींच शास्त्राची आज्ञा पाहिजे असेल तर अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत तीही आहे. नवें घर बांधशील तेव्हां छताला कठडा कर, नाहींतर कोणी वरून पडून मेला तर त्याचें रक्त तुझ्या घरावर येईल, असा तिचा भावार्थ. उन्हाळ्यांत माळवदावर निजणाऱ्या आमच्या लोकांस याहून व्यवहाराचें वचन कोणतें सांगावें? शेजाऱ्याचा जीव सांभाळेल असें घर बांधणें हाही धर्म आहे, हें त्या प्राचीन पुस्तकानें अडीच हजार वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें.

शिवाय शास्त्र आपणांस रडण्यासाठीं शब्द देतें. स्तोत्रसंहितेंत आनंदाचीं गीतें आहेत तशींच विलापाचींही पुष्कळ आहेत. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें; शेवटीं सांत्वनाची एक ओळही नाहीं. देवापुढें असें रडलेलें चालतें, हें ज्या विधवेला कळलें, तिला आपलें दुःख लपवून देवळांत येण्याची गरज उरत नाहीं.

मराठींत शास्त्र कसें आलें

आतां हें पुस्तक आपल्या मायबोलींत कसें आलें तें थोडक्यांत पाहूं. मराठवाडा ही तर धर्मज्ञान लोकभाषेंत आणणाऱ्यांचीच भूमि. आंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे. पैठणाजवळचें आपेगांव हें ज्ञानेश्वरांच्या घराण्याचें गांव, आणि पैठणच्या एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. संस्कृतांत जें कोंडलें होतें तें सर्वांच्या अंगणांत आणण्याची ही रीत या मातीची आहे. ख्रिस्ती माणूसही याच मातीचा.

१५७९ सालीं थॉमस स्टीफन्स नांवाचे इंग्रज येशूसंघी धर्मगुरु गोव्यास आले. त्यांनीं येथील भाषा आत्मसात् केली आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. ग्रंथाच्या आरंभीं असें कथन आहे कीं, जुनीं पुराणें तुम्हीं आम्हांस वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण कां देत नाहीं, अशी मागणी एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रीगुरूजवळ केली. मागणी लोकांची होती हें ध्यानांत ठेवावें. सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ओवीबद्ध होऊन लोकांच्या मुखीं बसली. पुढें १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. तरीही त्या ओव्या लोकांनीं विसरूं दिल्या नाहींत. हुकुमानें भाषा मरत नाहीं, आणि मुखोद्गत झालेलें शास्त्र कोणाला हिरावतां येत नाहीं.

तथापि ख्रिस्तपुराण हें भाषांतर नव्हे. मूळ ग्रंथ मराठींत उतरविण्याचें मोठें काम आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंनीं आधीं केलें, आणि तें कृतज्ञतेनें सांगणें आपलें कर्तव्य आहे. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यांतून १८११ सालीं मोडी लिपींत नवा करार निघाला. पुढें पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्ति सदनांत राहून हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचें भाषांतर केलें, तें अशा हेतूनें कीं अल्पशिक्षित बाईलाही तें समजावें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूच्या घरीं गेल्या, तोंवर तें काम त्यांनीं हातावेगळें केलें होतें. आणि आपल्या काळांत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ लिहून हा ग्रंथ सर्वधर्मीय मराठी वाचकांच्या हातीं दिला. जानेवारी २०२० मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन आपल्या शेजारीं उस्मानाबादेस भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं हेच धर्मगुरु होते. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले. पुस्तक राहिलें आहे.

ख्रिस्तसभेची वाट

कॅथोलिक मनुष्यास बायबल वाचूं देत नाहींत, असा एक जुना आक्षेप आहे. त्यांत इतिहासाचा कांहीं अंश आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. युरोपांतील धर्मकलहाच्या काळीं, १५६४ च्या नियमानें, लोकभाषेंतील बायबल वाचण्यास वरिष्ठांची परवानगी लागे. परंतु तो काळ केव्हांच मागें पडला. १९४३ सालीं, पुनः ३० सप्टेंबर याच दिवशीं, बारावे पायस यांनीं मूळ भाषांतून भाषांतरें करण्यास व घरोघर शास्त्रवाचन वाढविण्यास प्रोत्साहन देणारें परिपत्रक काढलें. किल्लारीच्या भूकंपाच्या बरोबर पन्नास वर्षें आधीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं शास्त्राची वाट सर्व ख्रिस्तजनांस मोकळी असली पाहिजे असें जाहीर केलें. १९६९ सालीं नवी वाचनमाला आली, आणि रविवारचीं वाचनें तीन वर्षांच्या चक्रांत बसविण्यांत आलीं. २०१९ सालीं, तेंही ३० सप्टेंबर रोजीं, पोप फ्रान्सिस यांनीं वर्षांतला एक रविवार देवशब्दाचा म्हणून नेमून दिला. आतां मिस्सा मराठींत आहे, वाचनें मराठींत आहेत. दार उघडलेलें आहे. आंत जाणें न जाणें आपल्या हातीं.

आपल्या प्रपंचांत

परंतु दार उघडलें म्हणून सर्वांस आंत येतां येतें असें नाहीं. आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळा विरळ, आणि गरिबाच्या पोराला अक्षर दुर्मिळ. त्या पिढ्यांनीं शास्त्र डोळ्यांनीं वाचलें नाहीं, कानांनीं ऐकलें. जपमाळेच्या रहस्यांतून, धर्मशिक्षकाच्या तोंडून, भजनांतून त्यांनीं तें हृदयांत सांठविलें. त्यांची श्रद्धा आपल्याहून उणी होती असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. यावरून एवढेंच शिकावयाचें कीं, ज्याला वाचतां येतें त्यानें न वाचतां येणाऱ्यासाठीं मोठ्यानें वाचावें.

नहेम्याच्या पुस्तकांत याचा सुंदर दाखला आहे. यरुशलेमचा पडलेला कोट लोकांनीं ५२ दिवसांत पुनः उभारला. कोट झाला, दारें बसलीं, आणि मग लोकांनीं एज्राजवळ मागणी केली ती नियमशास्त्राच्या ग्रंथाची. पाणीवेशीपुढील चौकांत लांकडी मंचावर उभा राहून तो पहांटेपासून दुपारपर्यंत वाचीत राहिला. पुरुष होते, स्त्रिया होत्या, समजूं शकणारीं मुलें होतीं. लेवी लोकांमध्यें फिरून अर्थ समजावून देत होते. ऐकतां ऐकतां लोक रडूं लागले, तेव्हां त्यांस सांगण्यांत आलें कीं आज रडूं नका, गोडधोड जेवा, आणि ज्याच्या घरीं कांहीं शिजलें नाहीं त्यालाही वाटा पाठवा. आमच्या बांधवांनो, आपलीं गांवेंही पुनः उभीं राहिलीं. रस्ते सरळ झाले, घरें मजबूत झालीं. आतां एज्राचा ग्रंथ मागण्याची पाळी आपली आहे.

म्हणून चार व्यवहाराच्या सूचना करितों.

पहिली ही कीं, प्रत्येक घरीं ख्रिस्तसभेनें मान्य केलेली ७३ पुस्तकांची प्रत असावी, आणि ती कापडांत गुंडाळून फळीवर न ठेवतां हाताशीं ठेवावी. शास्त्र हा ताईत नव्हे. उशाखालीं ठेवल्यानें ताप उतरत नाहीं. उघडल्यानें मन उतरतें, हलकें होतें.

दुसरी ही कीं, रविवारचें शुभवर्तमान शनिवारीं रात्रीं, भाकरी झाल्यावर, घरांतल्या शाळकरी मुलानें किंवा मुलीनें मोठ्यानें वाचावें. दहा मिनिटें पुरेत. आजीला विचारावें कीं तिला त्यांत काय ऐकूं आलें. संत जेरोम यांनीं लेता नांवाच्या एका आईला पत्र लिहून कळविलें होतें कीं, मुलीला लांकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें खेळावयास दे, आणि पुढें तिला शास्त्र शिकीव. सोळाशें वर्षांपूर्वीं मुलीविषयीं हा विचार झाला. आज आपल्या लेकीबाळींस तो हक्क आपण नाकारूं नये.

तिसरी सूचना ऊसतोडीला जाणाऱ्यांविषयीं. उचल घेतलेलीं जोडपीं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात, तीं पांचसहा महिने परततच नाहींत. कारखान्याच्या फडांत ना देऊळ, ना मिस्सा. अशा कुटुंबाच्या गांठोड्यांत एक लहानसा नवा करार असावा, आणि गांवीं राहिलेल्यांनीं तो निघतांना त्यांच्या हातीं द्यावा. कोपींत दिव्याची सोय नसते, आणि दिवसभराच्या श्रमानें डोळा लागतो, हें आम्ही जाणतों. परंतु मोबाईल आतां पुष्कळांजवळ आहे. त्यावर शास्त्र वाचतां येतें आणि ऐकतांही येतें. ज्या यंत्रावर आपण तासन् तास करमणूक पाहतों, त्यावर एक स्तोत्र ऐकण्यास किती वेळ लागणार?

चौथी सूचना संयमाची. शास्त्र वादासाठीं वाचूं नये. एखादें वचन दगडासारखें उचलून दुसऱ्या पंथाच्या किंवा दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर फेंकणें हा त्या वचनाचा अपमान आहे. ज्या पहांटे घरें पडलीं, त्या पहांटे ढिगारा उपसणाऱ्या हातांनीं खालच्या माणसाची जात वा धर्म विचारला नाहीं. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत त्या हातांनीं आचरून दाखविला, त्यांतल्या कित्येकांनीं तो कधीं वाचलाही नसेल. आपण तर तो वाचतों. आपल्यावरची जबाबदारी म्हणून अधिक. जें कठीण वाटेल तें धर्मगुरूंस विचारावें, चारचौघांत बसून समजून घ्यावें. एकट्याच्या लहरीनें लावलेला अर्थ पुष्कळदां आपल्या सोईचाच निघतो.

बंधुभगिनींनो, १९७७ सालीं औरंगाबादचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हांपासून आणि त्याहीपूर्वींपासून ज्या ज्या धर्मगुरूंनीं, धर्मभगिनींनीं आणि धर्मशिक्षकांनीं पायीं, सायकलीवर, बैलगाडींतून या मुलखांत देवशब्द वाहून आणला, त्यांचें ऋण फेडण्याचा एकच मार्ग आहे. त्यांनीं आणलेलें बीं सांठवून ठेवूं नये, पेरावें. ज्वारीचें बियाणें कणगींत राहिलें तर त्याला कीड लागते. वावरांत गेलें तर कणीस येतें. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरांत हें पुस्तक एकदां तरी उघडलें जावो, प्रत्येक दुःखी माणसाला त्यांत आपल्या रडण्याचे शब्द सांपडोत, आणि पुढच्या ३० सप्टेंबरला मृतांसाठीं दिवा लावतांना त्याच उजेडांत एक स्तोत्र वाचलें जावो, एवढीच प्रभुचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.